पोरगं नशेत परत येतं ती रात्र आणि त्यानंतरची दुपार

निवासी संस्थेत मी तेरा वर्षं रात्रपाळी करते आहे. मुलं मला ताई म्हणतात. नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच आठवड्यात सांगते, की पोरगं पिऊन आलं तर त्या रात्री फक्त त्याचा जीव सांभाळायचा. कुठून आणली, कोणी पाजली, हे सगळं दुसऱ्या दिवशी. हे मला चूक करूनच कळलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सोळा वर्षांच्या एका मुलाला मी दारातच, सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. तो आल्या पावली अंधारात निघून गेला आणि पहाटे सापडला तेव्हा थंडीने काकडत होता. तेव्हापासून दारात मी एवढंच म्हणते, "आलास ना, बरं झालं. आत ये."

आत आला की त्याला बोलतं ठेवा. झोपायला लागला तर कुशीवर वळवा, उताणा कधीच नको. वरचा गुडघा पुढे दुमडलेला, डोकं किंचित मागे, तोंड जमिनीकडे कललेलं. अशाने उलटी झाली तरी ती बाहेर पडते, श्वासनलिकेत जात नाही. मग शेजारी खुर्ची ओढा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दर थोड्या वेळाने पुन्हा मोजा. मिनिटाला 8 पेक्षा कमी श्वास, दोन श्वासांत 10 सेकंदांहून जास्त खंड, ओठ निळसर, अंग गार, झटके, किंवा हाक मारून, हलवूनही जाग येत नाही, यातलं एकही दिसलं तर आधी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. वरिष्ठांना फोन त्यानंतर.

"झोपू दे, सकाळी उतरेल" असं म्हणून खोलीचा दिवा घालवू नका. शेवटचा घोट घेतल्यानंतरही रक्तातली दारू काही काळ वाढतच असते. कॉफी पाजून किंवा डोक्यावर गार पाणी ओतून ती उतरत नाही, यकृत आपल्याच गतीने काम करतं. आणि औषधांची वही जरूर काढा. आपल्याकडच्या काही मुलांना झोपेच्या किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असतात. दारूवर तशी गोळी पडली तर श्वास आणखी मंदावू शकतो, म्हणून रात्रीचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

गांजाची रात्र वेगळी असते. डोळे लाल, तोंड कोरडं, छाती धडधडते, आणि कधी कधी "मी मरतोय" अशी भीती. अशा वेळी भोवती गर्दी नको. दिवा मंद करा, एकानेच जवळ बसा, हे काही तासांत ओसरेल असं शांतपणे पुन्हा पुन्हा सांगा. खाण्यातून घेतला असेल तर सावध राहा. तो चढायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात, तोवर "काहीच होत नाही" म्हणून मुलं आणखी खातात. भास होत असतील, कोणीतरी मारायला येतंय असं वाटत असेल आणि ते थांबत नसेल, तर डॉक्टर हवेच.

खरं काम दुसऱ्या दुपारी. अंघोळ झालेली, पोटात काहीतरी गेलेलं, आणि बाकीची मुलं आसपास नाहीत अशी वेळ निवडा. बोलण्याआधीच सांगून टाका, की कोणती गोष्ट तुमच्याजवळ राहील आणि कोणती वरिष्ठांना सांगावीच लागेल. मागाहून कळलं तर विश्वास कायमचा जातो. मी "का केलंस?" विचारत नाही, मूल त्यावर गप्प बसतं. "त्याने तुला काय बरं वाटतं?" असं विचारते. एका मुलीने सांगितलं होतं, "ताई, ओढला की झोप लागते. नाहीतर दाराचा आवाज ऐकू येत राहतो." तिच्या जुन्या घरातल्या दाराचा. त्या दिवसापासून आम्ही तिची खोली बदलली, रात्री दार किलकिलं ठेवायला लागलो, आणि समुपदेशकांबरोबर झोपेवरच काम सुरू केलं. गांजा लगेच सुटला नाही, पण बोलणं सुरू झालं.

एक वही ठेवा. मूल नशेत आलं ती तारीख, वेळ, आणि त्या दिवशी काय घडलं होतं. भेटीला यायचं कबूल करून कोणी आलं नाही, कोर्टाची तारीख, वाढदिवस. चार-सहा नोंदी झाल्या की नशा कशा दिवशी होते ते दिसायला लागतं, आणि मग पुढच्या तशा दिवशी संध्याकाळी तुम्ही त्याच्यासोबत असता.

लघवीच्या तपासणीवर फार भिस्त ठेवू नका. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत गांजाचा अंश काही आठवडे सापडू शकतो. त्यावरून काल रात्रीचं काहीच ठरत नाही, आणि सोडायला धडपडणारं मूल खोटं पडतं. सोडल्यावर पहिला आठवडा चिडचिड, झोप उडणं, भूक मरणं, विचित्र स्वप्नं हे सगळं येतं. त्याला उर्मटपणा समजून शिक्षा करू नका. रोज दारू पिणाऱ्याला मात्र एकदम थांबवू नका. थरथर, घाम आणि फिट्स येऊ शकतात, तेव्हा हे डॉक्टरांच्या देखरेखीतच.

लहान मुलांना कोणी पुरवत असेल तर तो प्रश्न वेगळा. तो त्याच दिवशी वरिष्ठांकडे द्यायचा, त्यात माझ्याकडून सूट नाही.

सकाळी पाळी सोपवताना "तर्र होऊन आला होता" असं लिहू नका, ते विशेषण फाइलीतून वर्षानुवर्षं त्याच्या मागे लागतं. लिहा: 11.40 ला आला, स्वतः चालत. दोनदा उलटी. 1 वाजता श्वास मिनिटाला 14. 3 ला पाणी मागितलं. दुपारी 4 वाजता त्याच्याशी बोलायचं ठरलं आहे, त्याला सांगितलं आहे.