बॅग शेवटी भरायची असते

जर्मनीला मास्टर्सला जायचंय असं घरात नुसतं बोलून दाखवलं आणि त्याच आठवड्यात आत्याचा फोन आला. "कुकर कुठला नेणार हाईस?" तेव्हा माझ्याकडे प्रवेश नव्हता, भाषेचं प्रमाणपत्र नव्हतं, आणि दहावीची गुणपत्रिका २०१९च्या महापुरात ट्रंकेत भिजून अर्धी अक्षरं उडाली होती. कुकर मात्र ठरला. तीन लिटरचा.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नरसोबाच्या वाडीच्या जवळ. २०२४ला मेकॅनिकल झालं, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत नोकरी लागली, आणि २०२५च्या सप्टेंबरात मी गेले. मधलं जवळजवळ वर्ष तयारीत गेलं. विद्यापीठ कसं निवडायचं हे सांगणारे गल्लोगल्ली भेटतील. त्या वर्षात घरात आणि नोकरीत काय चालू असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहितेय.

पहिलं काम नावाचं. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आपलं आणि वडिलांचं नाव एका ओळीत, आडनाव दुसऱ्या. तिकडच्या माणसाला यातलं काय कळणार? तो शेवटचा शब्द आडनाव समजतो. एका विद्यापीठाकडून मला 'फ्राऊ बाळासाहेब', म्हणजे 'श्रीमती बाळासाहेब', अशी ईमेल आली. बाबांनी ती सगळ्या भावकीला दाखवली. हसून झाल्यावर ती दुरुस्त करून घ्यायला मात्र चार ईमेल लागल्या. त्यातच माझ्या नावातला 'व' शाळेने डब्ल्यूने लिहिलेला आणि आधारवर व्हीने आलेला. असा फरक असेल तर दहावीची गुणपत्रिका हाच पाया धरा आणि बाकी सगळं तिच्यासारखं करून घ्या. उलट्या दिशेने जाऊ नका. पासपोर्ट काढायच्या आधीच हे उरकलं तर फार बरं. भिजलेल्या गुणपत्रिकेची दुसरी प्रत शाळेमार्फत अर्ज करून मिळाली. आता आमच्याकडे मूळ कागद माळ्यावर असतात, प्लॅस्टिकच्या हवाबंद डब्यात, साठवणीच्या डाळींशेजारी. नदीकाठच्या माणसांनी हे मनावर घ्यावं.

दुसरं काम तारखांचं. हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं, आणि पुष्कळ विद्यापीठांची शेवटची तारीख १५ जुलै असते. ती तारीख बघून निवांत बसू नका, कारण इंग्रजीतून चालणाऱ्या बऱ्याच अभ्यासक्रमांचे अर्ज त्याच्या खूप आधी बंद होतात. शिवाय एपीएस. आपल्या पदवीची कागदपत्रं खरी आहेत का, हे तपासून देणारं हे प्रमाणपत्र. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना त्याशिवाय व्हिसाचा अर्ज करता येत नाही. मी भरली तेव्हा फी १८,००० रुपये होती. ज्या कागदाची सही दुसऱ्याच्या हातात आहे तो कागद आधी लावा. आपल्या हातातलं काम रात्री जागून होतं. दुसऱ्याच्या टेबलावरचं होत नाही.

पैशाचं थोडक्यात सांगते. विद्यार्थी व्हिसासाठी वर्षभराचा खर्च ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच भरून दाखवावा लागतो. माझ्या वेळी ही रक्कम ११,९०४ युरो होती, म्हणजे तिकडे पोहोचल्यावर महिन्याला ९९२ युरो आपल्याच पैशातून आपल्याला मिळणार. युरो शंभरीच्या आसपास होता, म्हणजे बारा लाखाला टेकलं. बाबांनी आयुष्यभर उसाच्या पहिल्या उचलीकडे डोळे लावलेले. आता सकाळी चहाबरोबर युरोचा भाव बघायला लागले. "आज चाळीस पैशानं चढला." मी हिशेब मांडून दाखवला: युरो एक रुपयाने चढला की आपले ११,९०४ रुपये गेले. मांडायला नको होता. महिनाभर घरात तेवढाच विषय. शेवटी कर्ज मंजूर झालं त्या दिवशीच पैसे पाठवून टाकले आणि भाव बघायचं बंद केलं. पैसे पाठवायच्या आधी टीसीएसचा, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक वर आकारते त्या कराचा, नियम विचारून घ्या. शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशावर तो एप्रिल २०२५ पासून लागत नाही, स्वतःच्या खिशातून पाठवलेल्या मोठ्या रकमेवर लागतो.

नोकरी करत तयारी करणाऱ्यांची खरी अडचण नोटीस पिरियडची. माझा साठ दिवसांचा होता. व्हिसाचा अर्ज जुलैत, तो कधी येणार ते कुणालाच ठाऊक नाही, आणि सप्टेंबरच्या शेवटी निघायचं. म्हणजे व्हिसा हातात नसतानाच राजीनामा द्यायचा. दिला. साहेब म्हणाले, "आणि नाही झालं तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी पॅटर्न शॉपमधल्या एका जुन्या जॉबबद्दल काहीतरी विचारलं. तुमची कंपनी बरी असेल तर आधी तोंडी सांगून ठेवा. नसेल तर तारखा गुपचूप मोजा. आणि शेवटच्या दिवशी अनुभवाचं पत्र, पगाराच्या स्लिपा, पीएफचा नंबर हातात घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नका. तिकडून मागायला लागलात की फोन उचलणारा माणूस बदललेला असतो.

जर्मन मी कंपनीच्या बसमध्ये शिकले. जाता-येता दोन तास, कानात हेडफोन. सगळे म्हणतात डेर-डी-डास फार छळतं. आपल्याला तसं छळायला नको, तो-ती-ते आपल्याकडेही आहेच. फक्त जुळत नाही. चमचा आपल्याकडे तो, त्यांच्याकडेही तो. सुरी आपल्याकडे ती, त्यांच्याकडे ते. आणि मुलगी चक्क 'ते'. हे आज्जीला सांगितलं, तर तिला काहीच वाटलं नाही. आमच्याकडे बायका घरातून निघताना "मी येतो" म्हणतात. तिथं मुलगी 'ते' झाली तर काय बिघडलं! अभ्यासक्रम इंग्रजीतून असला तरी ए-वनपुरतं, म्हणजे पहिल्या पायरीपुरतं, जर्मन करूनच जा. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवावा लागतो, त्यासाठी घरमालकाचं पत्र लागतं, आणि त्या खिडकीपलीकडचा माणूस तुमच्याशी इंग्रजीत बोलेलच असं नाही. वसतिगृहाचा अर्जही प्रवेशाचं पत्र आलं त्याच दिवशी टाका. रांग लांब असते.

व्हिसासाठी मुंबईला गेले, कागद दिले, परत आले. एवढंच. कागदांचे दोन संच करा, आणि यादीत ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने लावा.

मग सुरू होते ती वाट बघण्याची पाळी. पासपोर्ट त्यांच्याकडे, नोकरी सुटलेली, आणि गावात दळण आणायला गेलं तरी "आला काय गं व्हिसा?" व्हिसा येईपर्यंत कुणाला सांगू नका असा सल्ला सगळे देतात. गावात तो पाळता येत नाही, कारण बँकेतल्या शिपायाला कळलं की झालं. मी "सप्टेंबरात" एवढं एकच उत्तर ठरवलं आणि सगळ्यांना तेच दिलं. त्या सहा आठवड्यांत दोन दाढा भरून घेतल्या, चष्मे दोन करून घेतले, औषधांच्या चिठ्ठ्या डॉक्टरांकडून इंग्रजीत नीट लिहून घेतल्या. तीन महिने पुरतील एवढी स्वतःची औषधं नेता येतात, पण चिठ्ठी बरोबर हवी.

त्याच दिवसांत एक गोष्ट ध्यानात आली, जी कुठल्याच यादीत नव्हती. आमचं घर माझ्या फोनवर चालत होतं.

वीजबिल मी भरायची. गॅस मी नोंदवायची. सातबारा मी काढायची. पीकविम्याचा अर्ज मी, भावाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज मी, आज्जीच्या रेशनकार्डाची केवायसी मी. ऑगस्टात ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातलं पीक फोनवरून नोंदवायचं काम, आली तेव्हा नेहमीसारखी मी फोन घेऊन उसात शिरायला निघाले, आणि बांधावर थांबले. पुढच्या वर्षी कोण शिरणार? बाबांना हाक मारली. फोन त्यांच्या हातात दिला. त्यांचं बोट नांगराला सरावलेलं, स्क्रीनवर इतकं जोरात दाबायचे की मधलंच काहीतरी उघडायचं. पहिल्या दिवशी गट नंबर टाकण्यापर्यंत गेलो आणि रेंज गेली. दुसऱ्या दिवशी फोटो आला, त्यात ऊस कमी आणि अंगठा जास्त. तिसऱ्या दिवशी जमलं.

मग मी दोनशे पानी वही केली. एका पानावर एक काम, सगळं मराठीत: "आधी हिरव्या चौकोनावर हळू दाबायचं. मग मेसेज येईल. त्यातला आकडा इथं लिहायचा. कुणी फोन करून आकडा मागितला तर सांगायचा नाही." शेवटचं वाक्य प्रत्येक पानावर लाल पेनने. मग एकेका ठिकाणी माझा मोबाईल नंबर काढून बाबांचा घालत गेले. कुठे ऑनलाइन झालं, कुठे तालुक्याला हेलपाटे पडले. तुमच्या घरीही अशी कामं तुमच्या नावावर साचलेली असणार. जायच्या दोन महिने आधी त्यांची यादी करा आणि एकेक सोडवा. समोर बसून शिकवायला तीन दिवस लागतात, व्हिडिओ कॉलवर तीन आठवडे लागतील आणि भांडण होईल ते वेगळंच. तुमच्या स्वतःच्या बँक खात्याचंही विचारून घ्या. शिकायला गेलेला माणूस नियमाने अनिवासी धरला जातो, आणि साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथलं खातं, करून घ्यावं लागतं. इथलं सिम बंद पडू देऊ नका, नाहीतर तिकडे बसून कुठलाच ओटीपी मिळणार नाही.

व्हिसा आला आणि मग, शेवटचे पंधरा दिवस, बॅग.

आईने उन्हाळ्यातच माझ्या वाट्याची चटणी डंकावर कांडून आणली होती. चटणी म्हणजे आमची कांदा-लसूण चटणी, दोन किलो. तिकीट दुबईमार्गे निघालं. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे, आणि आईच्या चटणीत खसखस असतेच. ती म्हणाली, "वाटल्यावर कुणाला कळतंय?" मला तेवढ्यासाठी दुबईत उतरायचं नव्हतं. दोन किलो चटणी आत्याकडे गेली आणि खसखस वगळून एक किलो नव्याने केली. तिची चव वेगळी लागते असं आई अजून म्हणते. सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्याही काढल्या. तेलामुळे खोबरं विमानाच्या दृष्टीने ज्वालाग्राही. त्यानंतर तूप. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे घरचं तूप नाही, आणि आज्जीने वाडीहून प्रसादाचे आणलेले पेढेही नाहीत. आज्जीने विचारलं, "अंगारा चालतोय काय?" चालतो. पुडी पासपोर्टच्या कव्हरात गेली. ताजा कढीपत्ताही चालत नाही, वाळवून पूड करून नेला.

कुकरवर शेवटी पाणी पडलं. आत्याने घेतलेला कुकर साधा ॲल्युमिनियमचा, आणि माझ्या वसतिगृहात इंडक्शनची शेगडी. त्यावर तो गरमच होणार नाही. घेताना बुडाला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर घ्या. पिनांचंही तसंच: आपली बारीक दोन पिनांची बहुतेक तिकडे बसते, जाड तीन पिनांची बसत नाही.

वजन आम्ही ताणकाट्यावर केलं, ज्यावर पूर्वी शेंगांची पोती व्हायची. तो दोन किलो कमी दाखवतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, विमानतळावर कुणालाच आठवलं नाही. काउंटरसमोर बॅग उघडून मी आईने घरी कोंबलेली भडंगाची पिशवी आणि एक जाड चादर काढली आणि दारापर्यंत येऊन बाबांच्या हातात दिली. बाबा तिथेच भडंग खात उभे राहिले.

सगळ्यांना "मी येतो" म्हणाले आणि आत गेले. सुरक्षा तपासणी झाली, बूट घालत होते, तेवढ्यात आईचा घरून फोन. वाटलं, आता रडणार. मीही तयारीत.

"अगं, गॅसवाला दारात उभा हाय. सिलेंडरचा कोड मागतोय. तुझ्या फोनवर आलाय बघ."

एक नंबर बदलायचा राहिला होता. एका पायात बूट घालून मी मेसेज शोधला आणि आकडे सांगितले. पाठीमागून गॅसवाल्याचा आवाज आला, "झालं, झालं," आणि आईने फोन ठेवून दिला.