स्त्रियांना उपयोगी पडेल अशा वैद्यकीय चाचणीची आखणी कशी करावी

ॲस्पिरिनमुळे हृदयविकाराचा पहिला झटका टळू शकतो, हा निष्कर्ष १९८९ मध्ये अमेरिकेतील २२,०७१ डॉक्टरांवरील चाचणीतून पुढे आला. हे सर्व डॉक्टर पुरुष होते. त्यानंतर सुमारे ४०,००० स्त्रियांवर दहा वर्षे चाललेल्या चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये आले, तेव्हा एकंदरीत स्त्रियांमध्ये झटक्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटलेले दिसले नाही, पक्षाघाताचे मात्र घटलेले दिसले. उत्तरासाठी स्त्रियांना इतकी वर्षे थांबावे लागू नये, असे वाटत असेल तर काळजी आखणीपासूनच घ्यावी लागते.

सर्वप्रथम, औषधाचा परिणाम स्त्री आणि पुरुषांमध्ये वेगळा असू शकतो का, हा प्रश्न आराखड्यातच लेखी नोंदवावा आणि नमुन्याचा आकार, म्हणजे सहभागींची संख्या, त्यानुसार ठरवावा. येथेच बहुतेक आराखडे कमी पडतात. निम्म्या सहभागी स्त्रिया असल्या की काम झाले, असा समज असतो. परंतु औषधाचा एकूण परिणाम जेवढा आहे, तेवढाच फरक स्त्री आणि पुरुष या दोन गटांत शोधायचा झाल्यास, एकूण परिणाम शोधायला लागतात त्याच्या साधारण चौपट सहभागी लागतात. तेवढे मिळणार नसतील, तर निदान दोन्ही गटांचे आकडे स्वतंत्रपणे प्रसिद्ध करावेत, म्हणजे पुढे अनेक चाचण्यांची माहिती एकत्र करणाऱ्यांना ते वापरता येतील.

त्यानंतर नोंदीचा तक्ता बारकाईने तपासावा. ‘मासिक पाळी: नियमित / अनियमित’ एवढ्या रकान्यातून फारसे काही कळत नाही, शेवटच्या पाळीची पहिली तारीख, रजोनिवृत्तीची स्थिती, गर्भधारणा, स्तनपान आणि संप्रेरकयुक्त गर्भनिरोधके यांची वेगवेगळी नोंद घ्यावी. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे लॅमोट्रिजीन या अपस्मारावरील औषधाची रक्तातील पातळी जवळपास निम्म्यावर येऊ शकते. गोळ्यांची नोंदच नसेल, तर हे औषध निकामी ठरल्याचा चुकीचा निष्कर्ष निघेल.

प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांना सरसकट वगळू नये. अमेरिकेच्या औषध नियामकाने १९७७ मध्ये त्यांना सुरुवातीच्या टप्प्यांतील चाचण्यांपासून दूर ठेवण्याची सूचना केली होती आणि १९९३ मध्ये ती मागे घेतली. गर्भाला असलेला धोका खराच आहे. म्हणून गर्भधारणा चाचणी, गर्भनिरोधनाची सोय आणि धोक्याची स्पष्ट माहिती द्यावी, पण निर्णय त्या स्त्रीचाच असावा. संमतीविषयीचे बोलणे तिच्याशी एकांतात करावे, कारण नातेवाइकांसमोर दिलेला होकार पुष्कळदा तिचा स्वतःचा नसतो. तपासणीच्या वेळा घरची आणि नोकरीची कामे सांभाळणाऱ्या स्त्रीला जमतील अशा ठेवाव्यात.

दुष्परिणामांचा तक्ताही दोन्ही गटांसाठी वेगळा द्यावा. झोल्पिडेम हे झोपेचे औषध स्त्रियांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडते. सकाळी गाडी चालवताना त्याचा अंमल उरण्याच्या भीतीने अमेरिकेत स्त्रियांसाठीची शिफारस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणली गेली, ती २०१३ मध्ये, म्हणजे औषध बाजारात येऊन वीस वर्षे उलटल्यावर.