जिम्नॅस्ट मुलांचा तोल तपासताना या चुका टाळा

बीमवर सफाईने कार्टव्हील मारणारी मुलगी फोमवर डोळे मिटून उभी राहिली की लटपटते. मग कोच म्हणतात, टेस्टमध्येच काहीतरी गडबड आहे. बहुतेकदा गडबड टेस्टमध्ये नसते, ती घेण्याच्या आणि वाचण्याच्या पद्धतीत असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त एकूण गुण बघणे. सेन्सरी ऑर्गनायझेशन टेस्टमध्ये (मशीनच्या फळीवर उभे करून घेतल्या जाणाऱ्या तोलाच्या चाचणीत) सहा स्थिती असतात. प्रत्येकीचे तीन ट्रायल, प्रत्येक ट्रायल २० सेकंदांचा. कधी डोळे मिटायचे असतात, कधी पायाखालची फळी शरीराच्या झोक्याबरोबर हलते, कधी समोरचा पडदा हलतो. तोलासाठी डोळे, पाय-सांधे आणि अंतर्कर्ण यांपैकी कोणावर भिस्त आहे, हे त्यातून उलगडते. म्हणून गुणोत्तरे काढा. समजा, पहिल्या स्थितीत (डोळे उघडे, फळी स्थिर) ९० गुण आहेत आणि पाचवीत (डोळे मिटलेले, फळी हलती) ५४. गुणोत्तर ०.६०. हा आकडा अंतर्कर्णाच्या वापराबद्दल बोलतो. एकूण गुण ठीकठाक असले, तरी तो तिथे दडून राहू शकतो.

आकडा हातात आला की लगेच मोठ्यांच्या तक्त्याशी ताडू नका. पायांकडून येणारी माहिती मुले लवकर वापरू लागतात. अंतर्कर्णाचा वापर पक्का व्हायला पौगंडावस्था उजाडते. आठ वर्षांच्या मुलीला पाचवी किंवा सहावी (डोळे उघडे, फळी आणि पडदा दोन्ही हलते) स्थिती जड जाणे हा दोष नव्हे. तुलना वयोगटाच्या तक्त्याशीच करा.

पहिल्या ट्रायलवरही फार विसंबू नका. फळी पहिल्यांदा हलली की मूल दचकते, पाऊल टाकते किंवा आधार पकडते. ती पडझड धरली जाते आणि त्या ट्रायलला शून्य गुण मिळतात. तिसऱ्या वेळी तेच मूल मजेत उभे असते. सरासरीत हे सगळे मिसळून जाते, म्हणून तिन्ही ट्रायल वेगवेगळे वाचा. आधी सरावाची एक फेरी दिली तर उत्तमच. महिन्याभराने गुण वाढले तर श्रेय लगेच नव्या व्यायामाला देऊ नका; टेस्टची सवय झाली असेल.

मशीन नसेल तर फोम वापरतात. तिथे वजनाची मेख आहे. हलके मूल फोममध्ये दबतच नाही, त्याच्यासाठी ती जवळपास साधी जमीन ठरते. आणि डोळ्यांवर पट्टी बांधाच. नुसते ‘मिट’ म्हटले की तोल जाताना पापण्या किलकिल्या होतात, हे तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटते.

दोन पायांवर नुसते उभे केले तर जिम्नॅस्ट आणि इतर मुले यांच्यात फारसा फरक दिसेलच असे नाही. खेळाचे कसब कळून घ्यायचे असेल तर एका पायावरची स्थिती जोडा. हँडस्टँडचा तोल मनगटांवर असतो, त्याचा अंदाज या टेस्टवरून बांधू नका.

बाकी साध्या गोष्टी: सरावानंतर दमलेल्या अवस्थेत टेस्ट नको, पाय अनवाणी हवेत, पावलांची जागा प्रत्येक वेळी तीच हवी. ताजा मुरगळलेला घोटा असेल तर टेस्ट पुढे ढकला. पाचवी-सहावी स्थिती पुन्हापुन्हा वयाच्या मानाने फारच खाली येत असेल आणि मूल गरगरल्याची किंवा कमी ऐकू येत असल्याची तक्रार करत असेल, तर सराव वाढवत बसू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवा.