महागड्या भागात राहणं, हातात येणाऱ्या पगारात

कर कापून खात्यात जमा होणाऱ्या पगारावरच हिशेब मांडा. नोकरीच्या करारातला आकडा धरून घर ठरवलं, की दुसऱ्याच महिन्यात ओढाताण सुरू होते. भाडं, वीज, पाणी आणि रोजचा प्रवास मिळून निम्म्याच्या आत बसवा. लांबचं घर स्वस्त दिसतं खरं, पण कामाचे २२ दिवस आणि जाता-येता ४४ तिकिटं धरून पाहा. तरीही बसत नसेल तर घर वाटून घ्या. एवढी मोठी बचत दुसऱ्या कशातच होत नाही.

घडी विस्कटते ती वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांनी: विमा, फी, दुरुस्ती. त्यांची बेरीज २४,००० असेल तर दरमहा २,००० पगाराच्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. उरलेली रक्कम ३१ ने भागून ७ ने गुणा. आठवड्याला तेवढंच खर्चा. सरळ चार भाग केले तर शेवटचे दोन-तीन दिवस उधारीवर जातात.