फायनान्स कंपनीत इंटर्नशिपचा इंटरव्ह्यू आहे? तयारी अशी करा

सगळ्यात आधी ती कंपनी पैसे नेमके कशातून कमावते ते शोधा. फायनान्शियल सर्व्हिसेस म्हटलं की त्यात बँक पण आली, इन्शुरन्स पण, ब्रोकर पण आणि म्युच्युअल फंड चालवणारे पण, आणि प्रत्येकाचं कमाईचं गणित वेगळं. कर्ज देणारे मुख्यतः मिळणाऱ्या आणि द्याव्या लागणाऱ्या व्याजातल्या फरकावर जगतात, फंडवाले सांभाळायला घेतलेल्या पैशावर टक्केवारीने फी लावतात. कंपनी लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली असेल तर ॲन्युअल रिपोर्ट फुकटात मिळतो. सगळा वाचत बसू नका, मॅनेजमेंटने वर्षाबद्दल काय लिहिलंय ते आणि कुठल्या धंद्यातून किती उत्पन्न आलं तो तक्ता, एवढं बास. "आमच्याबद्दल काय माहितीये?" या प्रश्नावर बहुतेक जण स्थापनेचं साल सांगतात, जे समोरच्याला आधीच माहीत असतं.

मग बेसिक पक्कं करा. बॅलन्स शीट (मालमत्ता आणि देणी), प्रॉफिट अँड लॉस (नफा-तोटा) आणि कॅश फ्लो (रोखीची ये-जा) ही तिन्ही एकमेकांना कशी जोडलेली असतात हे यायलाच हवं. यावरचा घासून गुळगुळीत झालेला प्रश्न म्हणजे, डेप्रिसिएशन (मालमत्तेची झीज, जी खर्च म्हणून दाखवतात) 10 ने वाढलं तर काय होईल? टॅक्स 30 टक्के धरा. टॅक्सआधीचा नफा 10 ने घटला, त्यामुळे टॅक्स 3 ने कमी, म्हणजे निव्वळ नफा 7 ने खाली. कॅश फ्लोमध्ये सुरुवात त्या उणे 7 पासून, पण डेप्रिसिएशनमध्ये पैसा खिशातून जात नाही म्हणून 10 परत त्यात जोडायचे, कॅश 3 ने वर. बॅलन्स शीटवर मालमत्ता 10 ने कमी, कॅश 3 ने जास्त, एकूण उणे 7, आणि दुसऱ्या बाजूला भागधारकांचा निधीही 7 नेच कमी. जुळलं! नफा घटला तरी कॅश वाढली ती वाचलेल्या टॅक्समुळे, हे एक वाक्य सुचलं तर समजा विषय डोक्यात बसलाय, आकडे पाठ करून काही उपयोग नाही कारण समोरचा 10 च्या जागी 50 म्हणाला की पाठांतर तिथेच कोलमडतं.

व्याजदर वाढले की जुन्या बाँडची (ठरलेलं व्याज देणाऱ्या कर्जरोख्याची) किंमत का पडते, तेही असंच स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे.

आता प्रॅक्टिस, आणि ती मोठ्याने करा. मनात सगळ्यांना सगळं येतं, बोलायला लागलं की त-त-प-प होतं. गणित विचारलं तर गप्प बसून उत्तर शोधू नका, बोलत बोलत करा. वर्षाला 8 टक्क्यांनी पैसे दुप्पट व्हायला किती वर्षं? (72 ला दराने भागलं की अंदाजे वर्षं येतात.) "72 भागिले 8, म्हणजे साधारण 9" असं म्हणा, कारण त्यांना उत्तराइतकंच तुम्ही तिथपर्यंत कसे पोचलात ते बघायचं असतं. येत नसेल तर "हे मला माहीत नाही, पण मी असा विचार करेन" म्हणा. थापा मारलेल्या लगेच कळतात, आणि जिथे लोकांचे पैसे हाताळायचे तिथे थापाड्या माणूस कुणालाच नको असतो.

रेझ्युमेवर लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर प्रश्न येणार असं धरून चाला. एक्सेल येतं लिहिलंय ना, मग पिव्होट टेबल कधी आणि कशासाठी वापरलं ते विचारतील. कॉलेजच्या फेस्टचा हिशोब सांभाळला असेल तर तो बिनधास्त सांगा, फक्त अडचण काय होती, तुम्ही काय केलं आणि शेवटी काय झालं या क्रमाने.

एक प्रश्न हमखास गाफील पकडतो: मित्राने एखाद्या क्लायंटची आतली माहिती विचारली तर? इथे "जवळचा मित्र असेल तर बघू" वगैरे चालत नाही. सांगणार नाही, आणि गरज पडली तर मॅनेजरच्या किंवा कम्प्लायन्सच्या (नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या विभागाच्या) कानावर घालेन, संपलं.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" येतंच. इंटर्नला रोज काय काम असतं, त्याचं काम कोण तपासतं, हे विचारा. स्टायपेंडचं एचआरशी बोला, टेक्निकल राउंडमध्ये नको. घरी आल्यावर त्याच दिवशी दोन-तीन ओळींचा आभाराचा मेल टाका, आणि पाठवण्याआधी समोरच्याच्या नावाचं स्पेलिंग एकदा तपासा.