बंद पडलेला रीफ टँक दोघांनी पुन्हा सुरू करताना

रीफ टँक म्हणजे प्रवाळ वाढवायची खाऱ्या पाण्याची टाकी. आधी तिच्यातले जुने खडक बघा. वाळलेल्या लाइव्ह रॉकमध्ये (जीव-जिवाणू वसलेल्या समुद्री खडकांत) मेलेले जीव अडकलेले असतात; तसेच टाकीत घातले तर अमोनिया आणि फॉस्फेट सुटत राहतं आणि केसाळ शेवाळ पाठ सोडत नाही. ब्रशनं घासून ते खाऱ्या पाण्याच्या पिंपात ठेवा. आत पंप, २६ अंशांवर हीटर, वर झाकण. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत मासा आणूच नका. महिना-दोन महिने सहज जातात.

स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी तसंच वापरू नका. अनेक मशीनमध्ये चवीसाठी थोडं नळाचं पाणी मिसळलं जातं. पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारं गाळण) जोडा. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्यच दिसायला हवं. १०० लिटरला साधारण पावणेचार किलो मीठ, खारटपणा (सॅलिनिटी) ३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३५ भाग मीठ. पावसाळ्यात ओल धरून दगड झालेलं जुनं मीठ सरळ टाकून द्या.

नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये टाकीवर पंखा लावावाच लागतो. त्यानं पाणी भराभर उडतं, मीठ मागे उरतं. म्हणून रोजची भर फक्त गोड्या आरओ-डीआय पाण्याची. घरात दोघं हात लावणारे असले की घोळ इथेच होतो: दोन्ही कॅन सारखे दिसतात आणि घाईत खारं पाणी ओतलं जातं. गोड्या कॅनला निळी, खाऱ्याला लाल चिकटपट्टी लावा. अल्कलिनिटीचा (प्रवाळांना सांगाडा बांधायला लागणाऱ्या कार्बोनेटचा) डोस मात्र एकाकडेच ठेवा आणि दिल्यावर लगेच कॅबिनेटच्या दारावर तारीख लिहा. दुहेरी डोस पडला तर ॲक्रोपोरा प्रवाळाची टोकं पांढरी पडून जळतात.