स्ट्रट बदलताना बुशचे बोल्ट शेवटी आवळा

वेगवान गाडीसाठी स्ट्रट (चाकाजवळचा, स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला भाग) निवडताना केवळ कडकपणा पाहू नये. स्प्रिंग अधिक ताठ आणि आखूड असेल, तर तिची उसळी आवरण्याइतके रिबाउंड डॅम्पिंग आणि कमी झालेल्या उंचीलाही पुरेल इतका स्ट्रोक (स्ट्रटच्या दांड्याची आत-बाहेर सरकण्याची लांबी) असणे कितीतरी महत्त्वाचे असते. स्ट्रट डाव्या-उजव्या जोडीनेच बदलावेत. दबलेल्या स्प्रिंगमध्ये जीवघेणी शक्ती साठलेली असते, म्हणून स्प्रिंग कॉम्प्रेसर नीट लावल्याशिवाय वरचा मधला नट कधीही सैल करू नये. कंट्रोल आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या) सांध्यातील रबरी बुशचे बोल्ट सैल केले असतील, तर ते गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) पूर्ण आवळावेत, अन्यथा रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते. त्यानंतर व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून घ्यावे, कारण स्ट्रटच्या बोल्टांमधील किंचित फरकानेही कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर असलेला कल, बदलतो.